चेंबरमधला उन्हाळा

एप्रिल संपत आला की दुधनीच्या बाजारातले ऊन अंगावर पडत नाही, अंगावर बसते. सकाळी नऊलाच मार्केट यार्डातल्या पत्र्यांकडे पाहवत नाही. दुपारी हमालसुद्धा पोत्यांच्या थप्पीच्या सावलीला पाठ टेकून असतो. सोलापूर जिल्ह्याच्या या टोकाला मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जाऊन टेकणे ही काही बातमी नव्हे. अशा उन्हात अक्कलकोटच्या रस्त्याला ओळीने उभ्या असलेल्या वडापच्या गाड्या पाहत मी दुकानाच्या पायरीवर बसतो, आणि गेली पंचवीस-सव्वीस वर्षे माझी नजर गाडीतल्या माणसांकडे न जाता आधी गाडीच्या तोंडाकडे जाते.

गाडीचे तोंड म्हणजे पुढची जाळी. तिच्यापुढे काय काय लावले आहे, ते मी मोजतो. आमच्याकडे कारहुणवीला बैलांची शिंगे रंगवतात, झूल घालतात, घुंगरमाळा बांधतात, मिरवणूक काढतात आणि रात्री सारे उतरवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी बैल उघड्या अंगाने औताला जातो. झूल घालून नांगराला जुंपण्याचा अडाणीपणा आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नाही. गाडीच्या बाबतीत मात्र तो आम्ही सर्रास करतो. मीही केला, आणि त्याची शिक्षा मला न होता दुसऱ्याच माणसाला झाली. आज लिहायला बसलो आहे ते त्यासाठी.

१९९६ साली अडतीचा हंगाम बरा गेला म्हणून मी एक जुनी डिझेल जीप घेतली. गाडी रांगडी होती. त्या काळी आमच्या भागात जीप म्हणजे प्रतिष्ठा, रुग्णवाहिका, वरातीची गाडी आणि मालट्रक असे सगळे एकात असे. गाडी आणल्यावर महिनाभरात मी तिला सोलापुरात नेऊन 'सजवून' आणली. पुढे जाडजूड लोखंडी गार्ड बसवला. गार्डवर ताटाएवढे दोन पिवळे दिवे, आणि दिव्यांच्या मधोमध अक्कलकोटच्या स्वामींचे नाव लिहिलेली पत्र्याची पट्टी. तिच्यामागे प्रेशर हॉर्नची दोन भोंगी. वर टपाला सळयांचे कॅरियर. आमच्या रस्त्यांवरचे दगड उडून इंजिनाच्या तळाला लागू नयेत म्हणून खालून सलग पत्रा मारून घेतला. बोनेटच्या आतून आवाज कमी व्हावा म्हणून नमद्याचे अस्तरही दिले. गाडी गावात आली तेव्हा पोरे मागे धावली होती. मला त्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

गाडीवर एक तरुण ड्रायव्हर होता. शेजारच्या खेड्यातला, कमी बोलणारा, गाडीला जिवापाड जपणारा. रोज सकाळी बोनेट उघडून ऑइलची पट्टी काढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा घालून बघायचा. मला ते उगाच वाटे.

११ मे १९९८ हा दिवस मला विसरता येणार नाही. देशालाही तो विसरता येणार नाही, पण त्याचे कारण वेगळे. त्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती आणि आम्ही घरची व पाहुण्यांची मिळून चौदा माणसे गाणगापूरला दत्तदर्शनाला गेलो होतो. टपावर चार पिशव्या, पाण्याचा पिंप, स्वयंपाकाची भांडी आणि एक शिलाई मशीन. मशीन का होते ते आता आठवत नाही, बहुधा कोणाच्या तरी लेकीला द्यायचे असेल. दर्शन झाले, जेवणे झाली आणि भर अडीचला आम्ही परत निघालो. रस्ता खराब. तिसऱ्या गिअरवर गाडी जाणार कशीबशी, की पुन्हा दुसरा. एके ठिकाणी बैलगाड्यांच्या रांगेमागे थांबलो तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, ऑइलचा काटा खाली येतोय की वो."

मी पाहिले. गाडी उभी असताना काटा जवळजवळ शून्यावर होता. त्याने ॲक्सिलेटर थोडा दाबला तसा तो वर आला. मी म्हटले, "चालताना येतोय ना वर? मग काटाच बिघडला असेल. चल."

"पाण्याचा काटाबी कडेला गेलाय. अर्धा तास झाडाखाली लावू या का?"

गाडीत लेकरे रडत होती, म्हातारी माणसे घामाने निथळत होती. मी आवाज चढवून चल म्हटले आणि तो निघाला. आणखी सात-आठ किलोमीटरवर इंजिनातून ठक् ठक् असा आवाज यायला लागला. त्याने ताबडतोब इंजिन बंद केले. जिथे थांबलो तिथे एक चहाची टपरी होती. आम्ही दुसऱ्या गाडीची वाट पाहत संध्याकाळपर्यंत तिथेच बसलो, आणि टपरीवाल्याच्या ट्रान्झिस्टरवर पोखरणला अणुस्फोट झाल्याची बातमी आम्ही ऐकली. लोक टाळ्या वाजवत होते. माझे लक्ष बोनेटखालून येणाऱ्या करपलेल्या वासाकडे होते.

गाडी ओढून आणली आणि आमच्या मिस्त्रींनी चेंबर खोलले. (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारे जे पात्र असते त्याला पुस्तकात 'संप' म्हणतात, गॅरेजमध्ये चेंबर.) क्रँकला धरणाऱ्या बेअरिंगच्या वाट्या बाहेर आल्या. त्यांच्यावरचा पांढुरका मऊ धातू पुसून गेला होता आणि आतले तांबे उघडे पडले होते. क्रँकवर चरे होते. म्हणजे क्रँक ग्राइंड करणे, नव्या वाट्या, सगळे पुन्हा बसवणे. तो खर्च माझ्या त्या वर्षीच्या अडतीला जड होता. रागाच्या भरात मी ठरवून टाकले की पोराने ऑइल कमी ठेवले असणार. त्याचा दोन महिन्यांचा पगार मी कापून घेतला आणि त्याला काढून टाकले. तो काही बोलला नाही. फक्त जाताना म्हणाला, "पट्टी बघा की अण्णा."

पट्टी मिस्त्रींनी पाहिली होती. ऑइल बरोबर खुणेवर होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालक, ऑइल होतं. पण ऑइलात ऑइलपण राहिलं नव्हतं." मला त्या वेळी ते कोडे वाटले. ते उलगडायला मला वर्ष लागले, आणि त्या वर्षात मी जे वाचले, विचारले आणि करून पाहिले ते थोडक्यात सांगतो.

इंजिनात ऑइल असते ते घर्षण कमी करायला, एवढे सगळ्यांना माहीत असते. पण ते कमी करते कसे? आपल्याला वाटते, दोन लोखंडांच्या मध्ये चिकट काहीतरी असते आणि ती घसरतात. आमच्या आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाची नळी लोंबत असे. कण्याला वंगण दिले की चाक कुरकुरायचे थांबे. इंजिनातला प्रकार याहून अद्भुत आहे. १८८३ च्या सुमारास ब्यूशँप टॉवर नावाचा इंग्रज अभियंता लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी रेल्वेच्या डब्याच्या आसाचे बेअरिंग तपासत होता. आमचे दुधनी रेल्वेलाइनवरचे गाव आहे. मुंबईहून सोलापूरपर्यंत १८६० साली आलेली जीआयपी रेल्वे १८७१ पर्यंत रायचूरला पोहोचली ती आमच्या दारावरून, म्हणून मला या प्रयोगाबद्दल विशेष आपुलकी आहे. टॉवरने बेअरिंगच्या वरच्या बाजूला, ऑइल घालण्यासाठी, एक भोक पाडले. आस फिरू लागला तसे ऑइल त्या भोकातून उलटे वर येऊन सांडू लागले. त्याने बुचाने भोक बंद केले. बूच उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकून बाहेर आली. मग त्याने तिथे दाब मोजणारा काटा लावला, तर बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून अधिक दाब त्या ऑइलच्या थरात निघाला!

म्हणजे फिरणारा आस स्वतःच ऑइल ओढून आपल्याखाली पाचरीसारखे दाबत जातो आणि त्या पाचरीवर तरंगतो. लोखंड लोखंडाला शिवतच नाही. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने या तरंगण्याचे गणित मांडले. त्या गणितात ऑइलचा दाटपणा हा मुख्य आकडा आहे. ऑइल पुरेसे दाट असेल तर पाचर टिकते. पातळ झाले की थर बारीक होत जातो. तो थर असतोच किती? एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले थोडेसे भाग. माणसाचा केसही त्याच्यापुढे दोरखंड ठरेल.

आता ऑइलचा हाच दाटपणा उष्णतेपुढे टिकत नाही. डिझेल गाड्यांत सर्रास वापरतात त्या १५डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ४० अंश सेल्सिअसला शंभराच्या थोडा पुढे मोजला जातो, तर १०० अंशांना तो चौदाच्या आसपास येतो. तिथून आणखी तीस अंश चढला की त्याचाही निम्मा. शिवाय तापलेले ऑइल हवेतल्या प्राणवायूशी लवकर संयोग पावते, काळे पडते, आंबते. ढोबळ हिशेब असा सांगतात की विशिष्ट तापमानापुढे दर दहा अंशांना ऑइल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. साधारण ९० ते ११० अंश हे ऑइलचे सुखाचे घर. १२० च्या पुढे फार वेळ राहिले तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी ते 'संपते'. पट्टीवर मात्र पातळी तेवढीच दिसते. ऑइल होते, पण ऑइलपण नव्हते, ते हे.

आणि गंमत अशी की आमच्या गाड्यांत पाण्याच्या तापमानाचा काटा असतो, ऑइलच्या दाबाचा काटा किंवा लाल दिवा असतो, पण ऑइलच्या तापमानाचा काटा क्वचितच असतो. पाणी झाडाखाली वीस मिनिटांत शांत होते. ऑइल उशिरा तापते आणि उशिरा निवते. उभ्या गाडीत दाबाचा काटा खाली येणे हीच त्याची हाक असते. त्या पोराने ती ऐकली होती.

मग ऑइल तापते का? डिझेलमध्ये जेवढी उष्णता असते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकाला मिळतो, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला इंजिनाच्या अंगात शिरतो. तो पाणी आणि ऑइल मिळून बाहेर नेतात. पिस्टनच्या खालच्या बाजूला आणि बेअरिंगला पाणी पोहोचत नाही, तिथली उष्णता ऑइलच उचलते आणि चेंबरच्या पत्र्यातून हवेला देते. देणे-घेणे होते ते तापमानातल्या फरकावर. रेडिएटरमधले पाणी ९० अंश आणि बाहेर ३० अंश असेल तर फरक साठाचा. बाहेर आमचा मे महिना असेल, ४४ अंश, तर फरक शेहेचाळीसचा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण जवळजवळ पाव ताकद आपोआप गेली. आता या उरलेल्या पाऊण ताकदीच्या तोंडावर मी गार्ड, दोन ताटे, नामपट्टी आणि भोंगी लावली. चेंबरला जी हवा लागायची तिच्यावर खालून पत्रा मारला. वरून बोनेटला अस्तर. टपावर वजन आणि वाऱ्याला अडथळा, म्हणजे इंजिनाला जास्त काम, म्हणजे जास्त उष्णता. शिवाय जानेवारीत याच जीपमधून मी तुरीची पोती वाहिली होती. मळणीचा भुसा रेडिएटरच्या पात्यांत अडकून बसला होता, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

स्वामींच्या नावाची पट्टी रेडिएटरपुढून काढायला मला सर्वांत जास्त जड गेले. मिस्त्री मुसलमान. ते म्हणाले, "मालक, नाव आत लावा, काचेच्या वर. तिथं तुम्हालाबी दिसंल."

इंजिन बांधून झाल्यावर मिस्त्रींनी एक काम केले. चेंबरच्या ड्रेन प्लगला भोक पाडून त्यात भंगारातल्या एका यंत्राच्या तापमापकाची नळी बसवली आणि काटा आत डॅशबोर्डखाली आणला. १९९९ च्या मे महिन्यात आम्ही दुधनी ते अक्कलकोट असा प्रवास, मैंदर्गीवरून, दुपारी तीनच्या उन्हात, तेवढ्याच वजनानिशी अनेकदा केला. पहिल्यांदा सगळा साज असताना. काटा १२८ ला गेला. मग एकेक काढत गेलो. दिवे, पट्टी, भोंगी पुढून हलवली आणि रेडिएटर मागच्या बाजूने पाणी मारून धुतला, तसा आठ अंश उतरला. खालचा पत्रा काढला, आणखी पाच. टपाचे कॅरियर काढले, तीन. शेवटी काटा ११२ वर थांबला. तो काटा किती अचूक होता हे मी शपथेवर सांगणार नाही, पण आधीही तोच होता आणि नंतरही तोच. सोळा अंश. एक रुपयाचे सामान न घालता, नुसते काढून.

पत्रा मात्र कायमचा काढणे मला परवडणारे नव्हते, दगड खरेच उडतात. मिस्त्रींनी त्याला माशाच्या कल्ल्यांसारख्या आडव्या चिरा पाडून त्यांच्या कडा मागे वळवल्या आणि चेंबरपासून चार बोटे खाली बसवला. दगड अडतो, वारा जातो. गार्डऐवजी साधा बंपर राहिला. दिवे बंपरच्या खाली, दोन टोकांना गेले.

इथे बाजारातल्या एका समजुतीबद्दल सांगायला हवे. उन्हाळ्यात ऑइल पातळ होते ना, मग जाड घाला, असा सल्ला आमच्याकडे प्रत्येक टपरीवर मिळतो. जुन्या इंजिनांत उन्हाळ्याला चाळीस नंबर आणि हिवाळ्याला तीस नंबर घालत, त्याला त्या काळी अर्थ होता, कारण एकच ऑइल दोन्ही ऋतूंना पुरत नसे. पण गरजेपेक्षा जाड ऑइल ढवळायला इंजिनाला जास्त जोर लागतो आणि त्या जोराचीही उष्णताच होते. वरच्या खुणेच्या पुढे भरून ठेवणे त्याहून वाईट. क्रँक त्यात बुडून ताक घुसळल्यासारखा फेस करतो, आणि फेसावर कोणी तरंगत नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला नंबर घालावा आणि आमच्यासारख्या धुळीच्या, उन्हाच्या मुलखात तो थोडा लवकर बदलावा, एवढेच खरे. (एरंडेलाचा जमाना तर कधीच गेला. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेल घालत, आणि कॅस्ट्रॉल हे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे. आमच्या बांधावर उगवणाऱ्या एरंडाचा एवढा मान होता, हे वाचून मला बरे वाटले होते.)

काढण्याचे शहाणपण आले तरी लावण्याची खाज जात नाही. २००३ साली मी जीपला बाहेरून एसी बसवून घेतला. एसीची जाळी म्हणजे कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसतो, आणि तो स्वतः गरम हवा मागे सोडतो. काटा पुन्हा सव्वाशेला. मग सोलापूरच्या एका दुकानात सांगितले की ऑइल कूलर लावा. ऑइल कूलर म्हणजे ऑइलचा छोटा रेडिएटर. फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये एक चकती बसवतात, तिच्यातून ऑइल नळीने कूलरमध्ये जाते, वाऱ्यावर निवते आणि परत येते. कल्पना नवी नाही. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलमध्ये पाणीच नव्हते, तिच्या पंख्याच्या वाऱ्यात असा कूलर कंपनीकडूनच असे.

दुकानदाराने तो कूलर बसवला कंडेन्सरच्याही पुढे. तीन जाळ्या एकामागे एक! ऑइल उतरले आणि पाणी चढले. पुढच्याच महिन्यात मैंदर्गीजवळ मला ऑइलचा वास आला. या वेळी मी स्वतः गाडी चालवत होतो आणि या वेळी मी थांबलो. चासीवर घासून नळीला बारीक भोक पडले होते. दाबाखालची नळी फुटली तर चेंबर रिकामे व्हायला मिनिट-दोन मिनिटे पुरतात. म्हणजे ऑइल थंड करायला गेलो आणि ऑइलच घालवून बसणार होतो. मिस्त्रींनी मग कूलर एका बाजूला, चाकाच्या पुढच्या मोकळ्या जागेत घेतला, त्याला छोटा विजेचा पंखा दिला, नळ्या चांगल्या प्रतीच्या घेऊन जिथे जिथे लोखंड लागेल तिथे रबराचे तुकडे घातले.

तरी एक धडा राहिलाच होता. डिसेंबरात सकाळी दुधनीत कानटोपी लागते. एके दिवशी ऑइल भरायचे झाकण उघडले तर आतून सायीसारखा पांढरट थर. मला वाटले, हेड गॅसकिट गेले आणि ऑइलात पाणी शिरले. मिस्त्रींनी बोटावर घेऊन पाहिले आणि हसले. कूलर हिवाळ्यातही आपले काम चोख करत होता. ऑइल साठ-पासष्टच्या वर चढतच नव्हते. इंजिनात जळताना जी वाफ खाली झिरपते ती ऑइल नीट तापले तरच उडून जाते, नाहीतर आतच राहून साय धरते. त्यासाठी चकतीतच थर्मोस्टॅट असलेली जात मिळते. ऑइल तापेपर्यंत ती कूलरची वाट बंद ठेवते. ती मागवून बसवेपर्यंत मी जुन्या ड्रायव्हर लोकांसारखे कूलरवर गोणपाट बांधून फिरलो. गारवाही मापातच हवा, हे सांगायला कूलर विकणाऱ्याला वेळ नसतो.

आता काळ पुढे गेला आहे. आजच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत कंपनीकडूनच ऑइल कूलर येतो, तो इंजिनाला चिकटून असतो आणि त्यातून रेडिएटरचेच पाणी फिरते. त्यामुळे हिवाळ्यात ऑइल लवकर तापते आणि उन्हाळ्यात पाण्याच्या आसपास राहते. व्यवस्था सुंदर आहे. पण रेडिएटरचे तोंड बांधले तर या व्यवस्थेत पाण्याबरोबर ऑइलही सापडते, आणि टर्बो असलेल्या इंजिनात ते ऑइल लालभडक तापणाऱ्या चक्राच्या आसालाही सांभाळत असते. कायदाही मध्ये आला. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितले, ते पादचाऱ्यांच्या आणि गाडीतल्यांच्या जिवासाठी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ आराखड्याविरुद्ध गाडी बदलता येणार नाही असे सांगितले. म्हणजे आज कोणी माझ्यासारखी गाडी सजवायला निघालाच, तर त्याने आधी हे नियम वाचावेत. आमच्या रस्त्यावर नियमांचा प्रवास सावकाश असतो, ते असो.

त्या पोराचे सांगायचे राहिले. १९९९ च्या मे महिन्यातल्या त्या फेऱ्यांनंतर, काटा ११२ वर थांबला त्याच आठवड्यात, मी त्याच्या गावी गेलो. तो दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर होता. माझ्याकडून काढून टाकलेला म्हणून त्याला कोणी चारचाकी गाडी द्यायला तयार नव्हते. इंजिन बसवणारा ड्रायव्हर, असे त्याचे नाव झाले होते, आणि ते नाव मीच चार दुकानांत बसून केले होते. मी कापलेला पगार त्याच्या आईच्या हातात ठेवला. तिने तो घेतला, चहा केला, आणि वर्षभर काय काय विकावे लागले ते एकेक मोजून सांगितले. मी ऐकून घेतले. तो नुसता उभा होता. मग म्हणाला, "ते तापमानाचा काटा बसवलाय म्हणं. दाखवा की."

आम्ही दोघे जीपमधून दुधनीपर्यंत आलो. गाडी त्याने चालवली. सबंध रस्ता तो काट्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. यार्डाच्या तोंडाशी पोहोचल्यावर तो म्हणाला, "एकशे दहा." एवढेच. नंतर मी त्या चार दुकानांत जाऊन सांगितले, पण चांगले नाव वाईटाइतके लवकर पसरत नाही. त्याला पुन्हा गाडी मिळायला दोन पावसाळे गेले.

आता त्याची स्वतःची गाडी आहे, अक्कलकोटच्या रांगेत तिसरी-चौथी उभी असते. पुढे काही नाही. रांगेतले इतर तिला बोडकी म्हणतात. गेल्या महिन्यात तो आपल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला घेऊन दुकानात आला. पोराला जाळीवर एलईडीची लांब पट्टी बसवायची आहे, बाप नको म्हणतो, आणि भांडण मिटवायला दोघे माझ्याकडे. माझ्या गल्ल्याशेजारी पावत्यांवर वजन म्हणून १९९८ ची ती बेअरिंगची अर्धी वाटी ठेवलेली असते. मी ती उचलून पोराच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने घासली, आणि विचारले, "आजोबा, हे तांब्याचं असतंय का?"